मोफत विधी सेवा: उत्पन्न कुणाचं, किती आणि कसं तपासायचं

प्रश्न: तालुका विधी सेवा समितीत नव्याने विधी स्वयंसेवक म्हणून काम सुरू केलं आहे. वाटणी, पोटगी, भाडेकरूचे वाद, उसनवारीची वसुली अशा दिवाणी प्रकरणांत मोफत वकील मागणारे लोक येतात. प्रत्येकाकडून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घ्यायचाच का? घरातल्या कुणाकुणाची कमाई धरायची? सातबारा नावावर आहे म्हणून अर्ज परत पाठवायचा का? आणि वकील दिल्यानंतर माणसाची परिस्थिती सुधारली तर काय करायचं?

उत्तर:

उत्पन्न मोजण्याआधी एक गोष्ट ठरवा. समोरच्या माणसाला उत्पन्न विचारायची गरज आहे का? निम्म्या चुका इथेच होतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मधल्या कलम १२ मध्ये आठ दारं आहेत. त्यातल्या सात दारांवर उत्पन्नाचा उल्लेखच नाही. अनुसूचित जाती किंवा जमातीची व्यक्ती, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीची बळी, स्त्री किंवा बालक, दिव्यांग, पूर, दुष्काळ, भूकंप, औद्योगिक दुर्घटना, जातीय अत्याचार अशा ओढवलेल्या संकटात सापडलेली व्यक्ती, औद्योगिक कामगार, आणि कोठडीत, संरक्षणगृहात, बालगृहात किंवा मनोरुग्णालयात ठेवलेली व्यक्ती. यातल्या एका गटात माणूस बसला की त्याची कमाई किती, हा प्रश्न संपतो. आठवं दार फक्त उत्पन्नाचं आहे आणि ते बाकी कुठेच न बसणाऱ्यांसाठी आहे.

प्रत्यक्षात उलटं होतं. पोटगीसाठी आलेल्या बाईला आधी सेतू केंद्रात पाठवलं जातं, तिथून तलाठ्याकडे, तिथून तहसीलला. पंधरा दिवस जातात, कधी महिना. शेवटी ती जो कागद घेऊन येते, तो कायद्याने तिच्याकडून मागितलेलाच नसतो. तिच्या आधार कार्डावर 'स्त्री' लिहिलेलं आहे, तेवढं पुरे. दरमहा ऐंशी हजार पगार घेणारी बाई आली तरी कलमाचा मजकूर बदलत नाही. ती स्वतः वकील लावू शकते असं वाटलं तर तसं सुचवायला हरकत नाही, पण 'तुमचा पगार जास्त आहे' असा शेरा मारून तिचा अर्ज परत पाठवणं म्हणजे कायद्यात नसलेली अट घालणं आहे. पुरुष अर्जदार यावर हमखास कुरकुरतात. नवरा-बायकोच्या एकाच प्रकरणात तिला विनाचौकशी वकील मिळतो आणि त्याला उत्पन्न दाखवावं लागतं. हे त्याला समजावून सांगा. त्याचं वर्षाचं उत्पन्न ३,००,००० च्या आत असेल तर त्यालाही वकील मिळतो, फक्त दुसऱ्या दारातून. सासू आणि सून समोरासमोर असतील तर दोघींनाही सेवा मिळते. फक्त दोघींना वेगवेगळे पॅनेल वकील (विधी सेवेच्या यादीवरचे वकील) द्यायचे आणि दोघींचे कागद एका फाईलमध्ये ठेवायचे नाहीत.

आता उलट बाजू. लोकांना वाटतं त्यापेक्षा ही सात दारं अरुंदही आहेत. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे कलम १२ मध्ये नाहीत. महाराष्ट्रात भटक्या-विमुक्त समाजातला माणूस जातीचा दाखला घेऊन मोठ्या आशेने येतो. त्या दाखल्यावर सेवा मिळत नाही. त्याचा मार्ग उत्पन्नाचा, आणि बहुतेक वेळा तो त्यात बसतोच, त्यामुळे 'तुम्ही बसत नाही' म्हणून त्याला परत पाठवू नका, अर्जातला रकाना बदला. वयाचंही तसंच. मूळ कलमात ज्येष्ठ नागरिक असा गट नाही. सत्तरीच्या आजोबांचं उत्पन्न बघावं लागतं, आजींचं नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्याबरोबर जात पडताळणीचं वैधता प्रमाणपत्र मागायचं कारण नाही; ते नोकरी, प्रवेश आणि निवडणुकीसाठी लागतं.

३,००,००० चा अर्थ

मूळ कायदा उघडून वाचलात तर दचकाल. उत्पन्नाच्या उपकलमात आजही ९,००० रुपये छापलेले दिसतात आणि सर्वोच्च न्यायालयासाठी १२,०००. त्यापुढचे शब्द महत्त्वाचे आहेत: 'किंवा राज्य शासन विहित करील अशी अधिक रक्कम'. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३,००,००० रुपये आहे, गोव्यातही तेवढीच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असेल तर केंद्राने ठरवलेली ५,००,००० ची मर्यादा लागते. म्हणजे उच्च न्यायालयापर्यंत ३,६०,००० उत्पन्नामुळे अपात्र ठरलेला माणूस दिल्लीत पात्र ठरू शकतो. त्याला हे कुणी सांगत नाही.

मर्यादा माणूस राहतो कुठे यावरून ठरत नाही, प्रकरण कोणत्या कोर्टात आहे यावरून ठरते. चंदगडच्या माणसाचा जमिनीचा दावा बेळगावच्या कोर्टात चालू असेल तर कर्नाटकाची मर्यादा बघायची आणि अर्जही तिथल्या प्राधिकरणाकडे पाठवायचा. अर्ज तुमच्याकडे आला म्हणून फेटाळू नका. पुढे पाठवा आणि अर्जदाराला तशी पोच द्या.

कलमाचे शब्द 'पेक्षा कमी' असे आहेत. महिना २५,००० पगार म्हणजे बारा महिन्यांचे बरोबर ३,००,०००, आणि कलमाच्या शब्दांनुसार हा माणूस मर्यादेच्या आत नाही. २४,५०० पगार असेल तर २,९४,०००, पण दिवाळीचा ८,००० बोनस मिळाला की ३,०२,०००. काठावरच्या अर्जात बोनस, ओव्हरटाईम, घराचं भाडं या तीन गोष्टी वेगळ्या विचारा. बाकी अर्जांत इतकं खोदायची गरज नसते.

कुणाचं उत्पन्न?

कलम 'व्यक्ती'बद्दल बोलतं. त्यात 'कुटुंब' हा शब्द नाही. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर इथेच आहे, कारण तहसीलदाराचा दाखला मात्र कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. तो शिष्यवृत्ती, फी सवलत, निराधार योजना यांसाठी तयार झालेला कागद आहे. दोन मापं वेगळी आहेत.

समजा ६८ वर्षांचे एक शेतकरी शेजाऱ्याने बांध कोरल्याचा दावा लावायला आले आहेत. त्यांच्या नावावर तीन एकर कोरडवाहू आहे, वर्षाला हातात ७०,००० येतात. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, २२,००० पगार, आणि रेशन कार्ड एकच. दाखल्यावर ३,३४,००० लागतात. दाखला बघून अर्ज फेटाळला तर ज्याचं उत्पन्न ७०,००० आहे अशा माणसाला आपण नाकारलं. मुलगा पैसे पाठवत असेल तर तो पाठवतो तेवढे धरा, त्याचा पगार धरू नका. बायकोचं उत्पन्न तिचं. तिच्या खात्यावर येणारे लाडक्या बहिणीचे पैसे नवऱ्याच्या रकान्यात टाकणं हाही प्रकार घडतो.

एकत्र शेती, एकत्र दुकान असेल तर अर्जदाराचा हिस्सा काढा. तीन भावांच्या शेतीतून खर्च जाऊन ३,६०,००० उरत असतील तर एकाचे १,२०,०००. वाटणीच्या दाव्यात गंमत अशी असते की हिस्सा किती हाच वाद असतो. तिथे कागदावरचा हिस्सा धरू नका, प्रत्यक्ष हातात काय येतं ते धरा. भावाने सगळं पीक दाबलं असेल तर अर्जदाराचं त्या शेतीतलं उत्पन्न शून्य आहे आणि दावाही त्याबद्दलच आहे.

गोव्यातल्या अर्जांत एक वेगळी बाब लक्षात ठेवावी लागते. तिथल्या पोर्तुगीज नागरी संहितेखाली येणाऱ्या जोडप्यांची मालमत्ता सामायिक असते, आणि आयकर कायदा पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरतो. त्यामुळे गोव्यातल्या व्यावसायिकाचं विवरणपत्र दिसतं तेव्हा धंद्याचा आकडा आधीच अर्धा झालेला असतो. तो पुन्हा अर्धा करू नका, दुप्पटही करू नका.

कोणतं उत्पन्न?

उत्पन्न म्हणजे उलाढाल नव्हे. चहाच्या टपरीवर रोज २,००० चा गल्ला असेल तर वर्षाला सहा-सात लाख होतात, पण दूध, साखर, गॅस, भाडं, पोऱ्याचा पगार वजा जाता दीड लाख उरणंही मुश्कील. शेतीचंही तसंच. दोन एकर सोयाबीन, १६ क्विंटल, ४,५०० चा भाव धरला तर ७२,००० ची पट्टी. त्यातून बियाणं, खत, फवारणी, मळणी, मजुरी, वाहतूक असे ३८,००० गेले तर उत्पन्न ३४,०००. आडतीची पट्टी दाखवून 'एवढे पैसे आले' म्हणणारा अर्जदार प्रामाणिक असतो, पण चुकीचा आकडा सांगत असतो. खर्च विचारणं आपलं काम आहे.

भूसंपादनाचा मोबदला, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, विम्याची रक्कम ही एकरकमी येते. ती वार्षिक उत्पन्न नाही. तिच्यावरचं व्याज उत्पन्न आहे. २०,००,००० मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी असतील तर वर्षाचे १,४०,००० धरायचे. खात्यावर वीस लाख दिसतात म्हणून भुवया उंचावणं स्वाभाविक आहे, पण उत्पन्नाचं हे उपकलम मालमत्ता विचारत नाही. सातबाऱ्याचा प्रश्नही इथेच सुटतो. शहरालगतच्या दोन एकरांची किंमत दोन कोटी असू शकते. त्यातून निघणारं उत्पन्न ४०,००० असेल तर कलम १२ पुढे तो माणूस ४०,००० चा आहे. मालमत्ता बघायची ती दुसरीकडे, ऑर्डर ३३ मध्ये, त्याबद्दल खाली.

मागच्या वर्षाचं धरायचं की आजचं? कलमाचा रोख 'मिळत असलेल्या' उत्पन्नावर आहे. जूनमध्ये नोकरी गेलेल्या माणसाचा मागच्या वर्षाचा फॉर्म १६ जर ४,२०,००० दाखवत असेल, तर तो त्याच्या आजच्या परिस्थितीचा पुरावा नव्हे. नोकरी गेल्याची तारीख, सध्याची कमाई आणि येत्या बारा महिन्यांत काय दिसतं, हे प्रतिज्ञापत्रात लिहून घ्या. आयकर विवरणपत्राची दुसरी अडचण अशी की वाहन किंवा घरकर्ज मिळावं म्हणून पुष्कळ जण एजंटच्या सल्ल्याने उत्पन्न फुगवून विवरणपत्र भरतात. मग विधी सेवेच्या अर्जात १,८०,००० आणि विवरणपत्रात ४,५०,०००. दोन्ही स्वतःच्या सहीचे. अशा माणसाला दोन्ही कागद समोर ठेवून लेखी खुलासा मागा. तोंडी 'ते कर्जासाठी होतं' यावर पुढे जाऊ नका. विरुद्ध बाजूचा वकील पहिला तोच कागद काढतो.

कागद कोणता पुरतो?

कलम १३ चं दुसरं पोटकलम सांगतं की उत्पन्नाबद्दल अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, प्राधिकरणाला त्यावर अविश्वास ठेवायला कारण नसेल तर. २०१० च्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या विनियमांनी हे आणखी सोपं केलं: प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणा सर्वसाधारणपणे पुरेशी. प्रतिज्ञापत्रावर नोटरीचाच शिक्का लागतो असंही नाही. वकील, राजपत्रित अधिकारी, आमदार, खासदार, स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या शाळा-महाविद्यालयातला शिक्षक यांच्यासमोर सही चालते. म्हणजे गावातल्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी किंवा ग्रामपंचायत सदस्य पुरतात. अर्जदाराला लिहिता येत नसेल तर त्याचं म्हणणं आपण लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा.

तरी एखादा आधार हाताशी असलेला बरा. संजय गांधी निराधार योजनेचा मंजुरी आदेश असेल तर उत्पन्नाची पडताळणी शासनानेच आधी केलेली आहे. रेशन कार्डाबाबत मात्र एक गैरसमज फार पसरलेला आहे. पिवळं १५,००० पर्यंत, केशरी १,००,००० पर्यंत आणि त्यावर पांढरं, अशी कार्डांची विभागणी आहे. विधी सेवेची मर्यादा ३,००,००० असल्यामुळे पांढरं कार्ड असणाराही आरामात पात्र असू शकतो. 'पांढरं कार्ड आहे, चालणार नाही' असं तुमच्या टेबलावरून कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. केशरी कार्ड पात्रतेकडे बोट दाखवतं, पांढरं कार्ड काहीच सांगत नाही.

अविश्वास ठेवायचा तर कारण फाईलवर लिहा. 'संशयास्पद वाटते' हे कारण नाही. 'अर्जात रोजंदारी म्हटलं आहे, पण सोबत जोडलेल्या बँक पासबुकात दरमहा एकाच कंपनीचे ३१,००० जमा आहेत' हे कारण आहे. मग अर्जदाराला बोलावून खुलासा घ्या. पुष्कळदा ते पैसे ठेकेदाराचे असतात आणि खाली आठ मजुरांना वाटलेले असतात.

अर्जावर निर्णय तातडीने, फार तर सात दिवसांत द्यायचा आहे. ही मुदत कागदावरची शोभा नाही. प्रतिवादीला समन्स लागल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते, कोर्टाने वाढवली तर ९० दिवसांपर्यंत. लोक तुमच्याकडे येतात तेव्हा त्यातले वीस-बावीस दिवस गेलेले असतात. म्हणून अर्ज घेताना उत्पन्नाच्या आधी समन्सवरची तारीख बघा आणि अर्जाच्या वर लाल शाईने लिहा. आणखी एक: विधी सेवेचा अर्ज दिला म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. हातउसन्या पैशांची तीन वर्षं पुढच्या मंगळवारी संपत असतील तर पात्रतेची छाननी चालू ठेवूनही पॅनेल वकिलाला तेवढा दावा दाखल करायला लावणं हे सचिवांच्या कानावर घालायला हवं.

पात्रता म्हणजे फक्त गट आणि उत्पन्न नव्हे. कलम १३ प्रथमदर्शनी प्रकरण आहे का, म्हणजे वरवर पाहता त्यात काही तथ्य आहे का, हेही बघायला सांगतं. खरं सांगायचं तर अर्ज नाकारायचाच असेल तर तो बहुतेकदा इथे नाकारला जायला हवा: दहा वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयापर्यंत हरलेला वाद नव्या नावाने, किंवा ज्या जमिनीशी अर्जदाराचा संबंधच नाही तिचा दावा. पण हे ठरवणं स्वयंसेवकाचं काम नाही. तुम्ही कागद आणि तारखा गोळा करा, मत समिती देईल.

कोर्ट फी आणि ऑर्डर ३३

विधी सेवेत वकील, मसुदा, प्रोसेस फी (समन्स-नोटीस बजावण्याची फी), साक्षीदारांचा खर्च, नकला, भाषांतर आणि कोर्ट फीसुद्धा येते. पण दिवाणी दाव्यात मोठा खड्डा कोर्ट फीचाच असतो. महाराष्ट्रात २०१८ च्या जानेवारीपासून तिची कमाल मर्यादा ३,००,००० वरून १०,००,००० झाली. म्हणून तीन वेगळ्या वाटा डोक्यात वेगळ्या ठेवा.

पहिली वाट फक्त स्त्रियांसाठी. १ ऑक्टोबर १९९४ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेनुसार पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या चार प्रकारच्या प्रकरणांत स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. यालाही उत्पन्नाची अट नाही, विधी सेवेचा अर्जही लागत नाही. भाऊ-बहिणींनी मिळून वाटणीचा दावा केला तर बहिणीला माफी. भावाच्या हिश्श्याच्या फीचा प्रश्न उरतोच. सहा लाख पगाराचा भाऊ बहिणीला पुढे करून पॅनेल वकील मिळवतो आणि वकिलाशी सगळं बोलणं स्वतःच करतो, हाही नेहमीचा प्रकार. वकील तिचा आहे. भावाने त्याचा वेगळा लावावा.

दुसरी वाट प्राधिकरणाने फी भरण्याची. तिसरी दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ३३ ची, निर्धन म्हणून दावा करण्याची. कोर्टात जुनी मंडळी अजून 'पॉपर अर्ज' म्हणतात. दोन्ही अर्ज गरिबांसाठीच असले तरी परीक्षा सारखी नाही. कलम १२ कमाई विचारतं, ऑर्डर ३३ ऐपत विचारते: हा दावा लावण्याइतकी फी भरायला पुरेशी साधनं या माणसाकडे आहेत का? दाव्याचा विषय असलेली मालमत्ता आणि जप्तीतून सुटलेली मालमत्ता वगळून. कपडे, भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचे बैल, अवजारं आणि राहतं घर सुटतात. शेतजमीन सरसकट सुटत नाही. त्यामुळे वर ज्या दोन एकरवाल्याला आपण ४०,००० उत्पन्नावर पात्र ठरवलं, तोच माणूस ऑर्डर ३३ मध्ये अडकू शकतो. 'विधी सेवेने गरीब ठरवलं, मग कोर्ट का मानत नाही' या प्रश्नाला हे उत्तर आहे. मथाई एम. पैकडे विरुद्ध सी. के. अँटनी या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'पुरेशी साधनं' म्हणजे कायदेशीर मार्गाने पैसा उभा करण्याची क्षमता, अशा अर्थाने चर्चा केली आहे. तो पॅनेल वकिलाच्या हाती असू द्या.

ऑर्डर ३३ मध्ये विरुद्ध पक्ष आणि सरकारी वकील दोघांना नोटीस जाते, किमान दहा पूर्ण दिवसांची. ते उलटतपासणी घेऊ शकतात. विधी सेवेच्या अर्जात विरुद्ध पक्षाला असं स्थान नाही. तो फार तर तक्रार करू शकतो. अर्जासोबत जंगम आणि स्थावर मालमत्तेची किमतीसह यादी लागते, आणि अर्ज फेटाळला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण ही यादीच असते. गहाण ठेवलेले दागिने, बायकोच्या नावाची दुचाकी, वडिलोपार्जित घरातला न वाटलेला हिस्सा 'आपला थोडाच' म्हणून लिहिला जात नाही. लिहून पुढे कारण द्यावं, लपवू नये. अर्जाआधीच्या दोन महिन्यांत मालमत्ता फसवणुकीने दुसऱ्याच्या नावावर केली असेल तरी अर्ज फेटाळला जातो. मुलाला केलेलं ताजं बक्षीसपत्र त्यामुळे महागात पडतं.

दोन गोष्टी अर्जदाराला आवर्जून सांगा. ऑर्डर ३३ मध्ये फी माफ होत नाही, पुढे ढकलली जाते. दावा जिंकला तर कोर्ट सांगेल त्या पक्षाकडून शासन ती वसूल करतं आणि दाव्याच्या विषयावर तिचा पहिला बोजा असतो. आणि मुदतीच्या दृष्टीने ही वाट सुरक्षित आहे: अर्ज दिला तो दिवस दावा दाखल केल्याचा दिवस धरला जातो. अर्ज फेटाळला तरी कोर्ट फी भरायला वेळ देऊ शकतं, आणि त्या वेळेत फी भरली तर दाखल तारीख जुनीच राहते. म्हणून फेटाळल्याच्या आदेशानंतर घरी बसू देऊ नका, त्याच दिवशी वेळ मागायला लावा.

मंजुरीनंतरची तपासणी

दिवाणी दावा पाच-सात वर्षं चालतो, तेवढ्यात परिस्थिती बदलते. विनियमांनुसार दिलेली सेवा काढून घेता येते: खोटी माहिती देऊन मिळवली असेल, परिस्थितीत ठळक बदल झाला असेल, अर्जदार वकिलाला सहकार्य करत नसेल किंवा त्याने परस्पर दुसरा वकील लावला असेल तर. मात्र कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय नाही. पगार २४,००० चा २६,००० झाला म्हणून ऐन साक्षीपुराव्यात वकील काढून घेणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. 'ठळक' या शब्दाला अर्थ आहे. अपिलासाठी नव्याने अर्ज येतो तेव्हा पात्रता पुन्हा बघितली जातेच, किरकोळ वाढीचा हिशेब तिथे होऊ द्यावा.

गटावरून मिळालेली पात्रताही संपू शकते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. बालक म्हणून पोटगी मागणारा मुलगा दाव्याच्या मध्यात अठरा वर्षांचा होतो. मुलगी अठराची झाली तर ती स्त्री म्हणून पात्र राहते, मुलाला उत्पन्नाच्या दारातून यावं लागतं. कॉलेजात शिकत असेल तर उत्पन्न शून्य, एका स्वयंघोषणेचं काम, पण ती फाईलला लागलेली असावी. कोठडीत असताना अर्ज केलेला माणूस जामिनावर सुटला की तेच. अर्जदार वारला आणि हक्क वारसांकडे गेला तर सेवा आपोआप संपत नाही, पण प्रत्येक वारसाचा गट वेगळा लिहून घ्यावा: विधवा आणि मुली विनाचौकशी, मुलगे उत्पन्नावर.

अर्ज नाकारला तर आदेश लेखी आणि कारणासह द्या, त्यावर अपील कुठे होतं तेही छापा: जिल्ह्यात ते अध्यक्षांकडे, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे. नाकारलेल्या माणसाला दोन पर्याय तरीही उरतात. लोकअदालतीत जायला उत्पन्नाची मर्यादा नाही, दाखलपूर्व प्रकरणाला कोर्ट फी नाही, आणि चालू दावा तिथे मिटला तर भरलेली फी परत मिळते. सर्वोच्च न्यायालयातल्या कामासाठी मध्यम उत्पन्न गटाची वेगळी योजना आहे. ती फुकट नाही, पण वकिलाची फी तिथे ठरवून दिलेली असते. आणि नुसता सल्ला हवा असेल तर १५१०० हा क्रमांक त्याच्या अर्जाच्या पोचवर लिहून द्या.